नवस माझा एकटीचा होता

गेल्या आठवड्यात या घरात काय काय आले ते आधी लिहिते. रुग्णालयातून एक जाड पाकीट आले. आतल्या तपासण्यांचे माझ्या वाट्याला नऊ हजार चारशे येन. मशीनच्या सुयांचे पाकीट, सहाशे. रेघांचा कागद आणि काळे पेन मिळून तीनशे वीस. सहीबरोबर लागणाऱ्या माझ्या शिक्क्याच्या नोंदीचा दाखला वॉर्ड कचेरीतून, तीनशे. बिवाच्या फळांची एक टोपली खाली शिवायला बसणाऱ्या रोईने आणली, फुकट. मी पैसे पुढे केले तेव्हा ती टोपली उचलून परत निघाली, म्हणून पैसे परत ठेवले. जिला एवढे बिनचूक सांगता येते तिचे डोके ठिकाणावर आहे, हे वाचणाऱ्याने मान्य करून पुढे वाचावे.

तर मी, मार्था दोआन थी खुएन, वय सदुसष्ट, बुई वान त्राच यांची विधवा, राहणार कोबे, नागाता वॉर्ड, धंदा गृहिणी (असे सरकारी कागद म्हणतात, त्याविषयी पुढे येईल), देवबापाचे स्मरण करून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. मला कोणी भुलवलेले नाही. कोणी घाबरवलेलेही नाही; ते दिवस गेले. याआधी मी मृत्युपत्र केले नाही, कारण मागे ठेवण्यासारखे काही नव्हते. आता आहे, आणि वेळ नाही. पाकिटातल्या कागदानुसार स्वादुपिंडात गाठ आहे. डॉक्टर फार वळणे घेत बोलत होते, म्हणून मी सरळ महिना विचारला. ते ऑगस्ट म्हणाले.

कलम एक. हे दुमजली घर, वर दोन खोल्या व खाली शिवणखोली, जागेसकट आणि खालच्या चार मशीनांसकट, मी जा सेंग रोई हिला देते. वय चौतीस, मूळची काचिन जमातीची, मलेशियातून दोन मुलांसह या देशाने आणून वसवलेली निर्वासित. अट एकच. खालच्या खोलीत शिवणकामच चालेल, आणि तिथे बसणाऱ्या प्रत्येक बाईच्या कामाचा करार त्या बाईच्या स्वतःच्या नावावर असेल. आज तिथे रोई धरून तिघी बसतात. माझ्यामागे त्या तशाच बसाव्यात, एवढ्यासाठी हा सगळा कागद आहे.

कलम दोन. माझा मुलगा बुई दिन्ह खोई, जो कंपनीत केइतो या जपानी नावाने ओळखला जातो, त्याला माझी टपाल खात्यातली बचत, विम्याची रक्कम आणि त्याच्या वडिलांचा सोन्याचा क्रूस. इथल्या कायद्याने एकुलत्या मुलाचा निम्म्यावर हक्क आहे. मी घराची किंमत काढून आणून बेरीज केली आहे. त्याला निम्म्याहून थोडे जास्तच जाते. म्हणजे भांडायला जागा नाही.

तरी तो भांडेल. मागच्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तो आला तेव्हा मी त्याला हे सगळे तोंडी सांगितले. त्याच्या मनात घर पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा करायची आहे. दोन मशीनांच्या जागेत एक गाडी बसते म्हणाला. मग म्हणाला, रोई आपली कोण?

मी म्हटले, "आपण उतरलो तेव्हा आपण तरी कोणाचे कोण होतो?"

"ते वेगळं होतं, आई."

काय वेगळे होते ते न सांगता त्याने दुसराच विषय काढला. तेव्हा तो जे बोलला त्याचे उत्तर द्यायचे राहिले आहे. ते मी कलम सहामध्ये देत आहे.

कलम तीन. रोईला घर का, याचे कारण लिहिणे भाग आहे. नाहीतर उद्या एखादा न्यायाधीश म्हणेल की म्हातारीला परकीने नादी लावले.

१९८१ साली आम्ही व्हिएतनाममधल्या फुओक तिन्हहून मासेमारीच्या होडीने निघालो. मी, पती आणि चार वर्षांचा खोई. आठव्या दिवशी पाणी संपले. तेव्हा मी पवित्र मातेला नवस बोलले: जमिनीला पाय लागले आणि पोटाला काम मिळाले, तर ज्या जागी पहिले काम मिळेल त्या जागेची जमीन मी रोज काम सुरू व्हायच्या आधी झाडीन. माणूस तहानेने मरत असताना सोने-नाणे कुठून कबूल करणार? हातच कबूल केले. दुसऱ्या दिवशी एका मालवाहू जहाजाने आम्हाला वर घेतले. ते जपानला निघाले होते. अमेरिकेला जाणारे असते तर हा कागद मी तिकडे लिहीत असते.

हिमेजीच्या निर्वासित केंद्रात तीन महिने भाषा शिकवली आणि मग काम लावून द्यायला एक साहेब आले. मी अंगरख्यात शिवून आणलेले मॅट्रिकचे प्रमाणपत्र त्यांच्यापुढे ठेवले. गणितात पहिला वर्ग आहे. साहेबांनी ते दोन्ही हातांनी घेतले, वाकून बघितले, दोन्ही हातांनी परत दिले आणि माझे तळवे बघायला मागितले. आठवड्यानंतर आम्ही नागात्यातल्या एका चपलांच्या कारखान्यात होतो. पती सोल चिकटवायच्या बाकावर, मी शिवणावर. बोटीचे इंजिन आवाजावरून ओळखणारा माणूस सत्तावीस वर्षे सोल्यूशनच्या डब्यावर वाकून बसला, आणि त्याच वासाने त्याची छाती गेली.

मालक कुवागाकी. काम आठला सुरू व्हायचे. मी पहिल्याच दिवसापासून साडेसातला जाऊ लागले. मशीनांची एक रांग झाडून होईपर्यंत जपमाळेचे एक दशक, म्हणजे दहा मणी, पुरे व्हायचे. पाच रांगा होत्या, माळही पाच दशकांची. मला वाटले, देवानेच मोजून दिल्या आहेत.

शिवणावरच्या मुकादम बू ओक-सन ताई होत्या. त्यांचे आईवडील कोरियातल्या जेजू बेटावरून आलेले, त्या स्वतः इथेच जन्मलेल्या. कारखान्यात त्यांना हारुको या जपानी नावाने हाक मारायचे. खांबी मशीनवर वळणाची शिवण कशी फिरवायची हे त्यांनी मला हात धरून शिकवले. चौथ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या, माझ्या हातातला झाडू बघितला आणि म्हणाल्या, "बाई, उद्यापासून हे करू नकोस."

मी म्हटले, मला त्रास नाही, आनंदाने करते.

"तुझ्या आनंदाचं मला काय करायचंय? तू आज झाडशील. तुझ्यामागून जी येईल तिला झाडावं लागेल. मी याच गल्लीत जन्मले तरी बूट सोडून दुसऱ्या कामाला मला कोणी उभं केलं नाही. या लोकांची पद्धत कशी पडते ते मला विचार."

मला वाटले, ही बाई देव न मानणारी, वर मालकाने माझे कौतुक केले म्हणून जळते. मी झाडतच राहिले. ताई, हे तुमच्याविषयी मी मनात आणले होते. तुम्हाला हे छत्तीस वर्षांनी कागदावर वाचावे लागते आहे, त्याबद्दल वाकून क्षमा मागते.

दोन वर्षांनी आमच्याकडच्या आणखी सहा बायका आल्या. कुवागाकींनी त्यांना फाटकापाशी उभे करून सांगितले की व्हिएतनामी लोकांत अर्धा तास आधी येऊन जागा झाडायची चाल आहे, फार चांगली चाल आहे, ती त्यांनी इथेही पाळावी. आमच्या गावात कोणी कोणाचा कारखाना झाडत नसे. गावात कारखानाच नव्हता. पण मी तिथे उभी होते, हातात झाडू होता, आणि मी बोलले नाही. मालकापुढे नवसाची गोष्ट कशी काढायची, याची लाज वाटली. जपानी बायका आठला यायच्या, आम्ही साडेसातला. पतींना मात्र सगळे दिसत होते. ते म्हणायचे, "तू देवाला अर्धा तास देतेस आणि देव तो कुवागाकीला देतो. मधल्या मध्ये तुझी पोळी कुठे भाजते ते सांग."

त्या सहांमध्ये थोआ होती. नवरा येताना समुद्रात बुडालेला, पाच महिन्यांची मुलगी. पाळणाघर साडेसातच्या आधी उघडत नसे, आणि तिथून कारखाना वीस मिनिटांवर. ती रोज पावणेआठनंतर धापा टाकत यायची. कामाला आठची वेळ, म्हणजे ती वेळेच्या आधीच यायची. तरी तिसऱ्या महिन्यात तिला सांगण्यात आले की बाकीच्यांना जमते ते तिला जमत नाही, तेव्हा तिने दुसरीकडे बघावे. जाताना ती माझ्या मशीनपाशी थांबली. "खुएनताई, तुमचा झाडू फार चांगला आहे. माझ्या पोरीच्या दुधापेक्षा चांगला," एवढेच म्हणाली. पुढे ती ओसाकाकडच्या याओ शहरात गेली. एका ईस्टरला चर्चच्या पायऱ्यांवर ती समोरून आली आणि मी मेणबत्ती सावरण्याचे निमित्त करून मान फिरवली. हे पाप मी पाद्र्यांपुढे कबूल केले आहे. थोआपुढे केलेले नाही.

१९९५ च्या भूकंपात कारखाना जळाला, आमची भाड्याची खोलीही. चार महिने आम्ही बागेत तंबूत होतो. पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला त्या सकाळी कुवागाकींनी, डोळ्यांत पाणी आणून, सगळ्यात आधी माझ्या हातात नवा झाडू दिला. त्यांच्या मनात वाईट नव्हते, हे मी मान्य करते. त्यांना खरेच वाटत होते की मला तो देण्यात मान आहे. मी झाडू भिंतीला टेकवला, म्हटले तेरा वर्षे झाली, नवस फिटला, आणि घरी आले. तेव्हापासून मी घरी शिवते; पुढे आम्ही कर्जावर हे घर घेतले, ते कर्ज आता कुठे फिटले.

माझी खरी चूक इथे आहे, आणि ती कोणी दुसऱ्याच्या नावावर टाकू नये. मी माझा झाडू ठेवला. मागे राहिलेल्या बायकांना तुम्हीही ठेवा असे म्हटले नाही. मला माझ्यापुरती मोकळीक पुरली.

या फेब्रुवारीत रोई त्याच कारखान्यात लागली. आता कुवागाकींचा मुलगा मालक आहे. रोई बाप्टिस्ट असली तरी आमच्या चर्चच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात यायची, तिथली ओळख. ती सहज बोलता बोलता म्हणाली, तिथे परदेशी बायकांनी अर्धा तास आधी येऊन झाडायची फार जुनी पद्धत आहे म्हणे, म्हणून मुलांना अंधारातच उठवते. माझ्या हातातली सुई तिथेच राहिली. मी ज्यांची नावेही ऐकली नाहीत अशा किती बायकांनी मधल्या तेवीस वर्षांत माझा नवस फेडला असेल?

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. तिला फाटकाबाहेर माझ्याशेजारी उभे केले आणि म्हटले, आठ वाजले की आत जायचे. ती रडकुंडीला आली. "ताई, माझं काम जाईल." मी म्हटले, जाईल कदाचित, मग माझ्याकडे मशीन आहे. गारठा असा होता की पावले बधिर झाली होती. आतून झाडण्याचा आवाज येत होता. पावणेआठला धाकटे कुवागाकी बाहेर आले. फार नम्र माणूस. त्यांनी मला ओळखले.

"खुएन-सान, बाहेर का? आत या, चहा घ्या."

"आठ वाजू द्या."

"पण ही तर तुमच्याच लोकांची चाल. वडील नेहमी कौतुकाने सांगायचे."

मी म्हटले, "चाल नव्हती. मी देवाला बोललेला नवस होता, माझा एकटीचा. तो मी फेडला. तुम्ही तो दुसऱ्यांकडून वसूल करताय."

त्यांनी घड्याळाकडे बघितले. मग म्हणाले की विचार करून बघतो, आणि आत गेले. आतला झाडू थांबला होता. दोन बायका दारात येऊन आमच्याकडे बघत होत्या. आठला भोंगा झाला आणि रोई आत गेली.

महिनाअखेर तिचा करार पुढे वाढवला नाही. स्वभाव जुळत नाही असे कारण दिले. त्या दोघी बायका आपण होऊन तिच्यामागे निघाल्या. आज तिघी खाली बसतात. अकाशीचा एक छोटा बूटवाला आम्हाला बुटाच्या वरच्या भागाचे कातडे शिवायला देतो आणि तिघींशी तीन वेगळे करार करतो, कारण दुसऱ्या कशाला मी हो म्हणत नाही. घर गेले तर खोली गेली. खोली गेली तर या तिघींना पुन्हा त्याच फाटकाशी जावे लागेल, आणि ह्या वेळी साडेसातला. म्हणून घर रोईला.

कलम चार. भिंतीवर टांगलेले माझे मॅट्रिकचे प्रमाणपत्र शिवणखोलीतून काढू नये. एवीतेवी या देशात ते कोणी विचारले नाही. तिथे निदान दिसेल तरी. आणि मी मेल्यावर जिथे जिथे धंदा विचारतील तिथे "चपलांचे शिवणकाम" लिहावे. वॉर्ड कचेरीतल्या मुलीने मला विचारले होते, काम करता का? म्हटले करते. कुठे? म्हटले घरी. तिने गृहिणी लिहिले. दर वर्षी तीच मुलगी, तोच प्रश्न. स्वयंपाक आणि घर मी केलेच, त्यात कमीपणा नाही. पण मी दोन्ही केले.

कलम पाच. कपाटातली माझी कात्री, हस्तिदंती मुठीची, आणि वीस पानी पत्र, हे थोआला पोचवावे. पत्ता चर्चच्या वहीत आहे. ती दार लावून घेईल तर पायरीवर ठेवावे आणि वाद घालू नये. तिला तो हक्क आहे. कुवागाकींच्या कारखान्याला मी काही ठेवत नाही. माझे भरपूर त्यांच्याकडे आहे.

कलम सहा. खोई, हे तुला. तू त्या रविवारी म्हणालास, "झाडलं तर काय बिघडतं, आई? मीही ऑफिसात अर्धा तास आधी जातो. सगळ्यांची टेबलं पुसतो. चाळीस वर्षांचा आहे मी, कोणी सांगितलं नाही, तरी जातो."

बाळ, तू सहा वर्षांचा असताना मी तुला बरोबर नेऊन मशीनखालच्या कातड्याच्या चिंध्या वेचायला बसवत असे, तुला एकट्याला कुठे ठेवू म्हणून. तुला वाटले, या देशात राहायचे तर असेच राहायचे असते. ते मी शिकवले. तू नागरिक झालास, नाव बदललेस, तुला कोणी काढू शकत नाही, आणि तरी तू रोज सकाळी राहू देण्याबद्दल आभार मानायला जातोस. बचत, विमा आणि क्रूस यांच्या आधी मी तुझ्या नावावर हेच केले होते. ते मी या कागदाने परत घेते. उद्यापासून वेळेवर जा. एक मिनिटही आधी नको. टेबल ज्याचे त्याला पुसू दे. आणि रोईशी भांडायचे असेल तर आधी एक आठवडा असे करून बघ, मग भांड.

कलम सात. अंत्यविधी साधा. शवपेटी सगळ्यात स्वस्त, ती जळायचीच आहे. फुले बागेतली. मिस्सेनंतर लोकांना भाताच्या शेवयांचे सूप द्यावे, त्यात मासळीचा रस हात राखून घालू नये. कंजूष म्हणून मी आयुष्यभर नाव कमावले, पण ते मेल्यावर नको. मधाच्या रंगाचा अंगरखा घालावा. हातात माळ.

कलम आठ. हे मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी मी बू ओक-सन, वय एकाहत्तर, राहणार ओकायामा, यांना नेमते. नोंदणी कचेरीत घर रोईच्या नावावर चढवणे, अकाशीच्या बूटवाल्याला भेटून तिन्ही करार चालू ठेवणे आणि खोईसमोर न डगमगता बसणे, ही तीन कामे. नोंदवलेला शिक्का असलेले, करार वाचता येणारे आणि कोणाला न भिणारे माणूस मला दुसरे माहीत नाही. त्या नसतील तर सगळे कागद मुलाच्या हातात जातील, आणि मग पहिले कलम पोकळ ठरेल.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथे साक्षीदार लागत नाहीत असे वकील म्हणाले. मला लागतात. माझ्या आजीच्या होडीचा कागदही दोन साक्षीदारांशिवाय झाला नव्हता.

सही व शिक्का: मार्था दोआन थी खुएन

साक्षीदार पहिली: तोकुनागा फुजिए, शेजारीण, टोफूचे दुकान. (म्हणाल्या, एवढे लांबलचक मृत्युपत्र त्यांनी पाहिले नाही. म्हटले, तुम्ही पाहिलीत किती?)

साक्षीदार दुसरा: डॉमिनिक ला वान सुंग, आमच्या चर्चचा खजिनदार.

स्थळ: नागाता, कोबे
दिनांक: १२ जून २०१८

ओक-सन ताई, याची एक नक्कल सोबत तुम्हाला पाठवते आहे. तुम्हाला न विचारता तुमचे नाव घातले, कारण विचारत बसले असते तर तुम्ही आधी तब्येतीचे विचारले असते. तब्येत वर लिहिली आहे. आता फक्त कामाचे बोलू. तुम्ही हो म्हणालात तर मी रोईला घेऊन वकिलाकडे जाते. नाही म्हणालात तर राग नाही, दुसरे माणूस शोधायला मला अजून आठ आठवडे आहेत. पण बघू, विचार करते, असे मात्र लिहू नका. तसले उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ माझ्यापाशी उरलेला नाही. हो की नाही, ते उलट टपाली कळवा.